युआन श्वांग : शंका घेऊन निघालेला विद्यार्थी



इतिहासाच्या पुस्तकात युआन श्वांग यांच्या वाट्याला किती ओळी येतात, आठवून बघा. सम्राट हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी, नालंदा विद्यापीठात शिकला, प्रवासवर्णन लिहिले. झाले! जुन्या पुस्तकांत हेच नाव ह्युएनत्संग असे असायचे. मुले नाव पाठ करतात, रिकाम्या जागेत भरतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पण एक साधा हिशोब करा. प्रवास आणि भारतातला मुक्काम मिळून त्यांची सुमारे सोळा वर्षे गेली. परत गेल्यावर मात्र तब्बल एकोणीस वर्षे ते मांडी घालून भाषांतर करत बसले. म्हणजे प्रवासी ही त्यांची अर्धीच ओळख झाली. उरलेली अर्धी ओळख बघायची असेल, तर चीनमधल्या शिआन या प्राचीन शहरात जावे लागते. आज या लेखातून आपण तिथेच जाऊ या. शहरातल्या जुन्या जागा बघता बघता या माणसाचे आयुष्य समजून घेऊ या.

चांगआन म्हणजेच शिआन

शिआनचे जुने नाव चांगआन. तांग घराण्याची ही राजधानी. पश्चिमेकडे जाणाऱ्या रेशीम मार्गाची सुरुवात इथून व्हायची. सरळ रस्ते आणि त्यांच्यामधले एकशे आठ चौकोनी मोहल्ले, असे आखीव शहर होते ते. इराणचे, मध्य आशियाचे, कोरियाचे आणि जपानचे लोक इथे यायचे, राहायचे.

आज तुम्ही शिआनला गेलात तर पहिल्यांदा दिसते ती भक्कम तटबंदी. सुमारे चौदा किलोमीटर घेराची. तिच्यावर सायकलीही चालवता येतात! पण ही तटबंदी मिंग काळातली, म्हणजे चौदाव्या शतकातली. तांग काळातले शहर हिच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. म्हणूनच आपल्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा मनोरा आज तटबंदीच्या बाहेर दक्षिणेला दिसतो. त्या काळी तो शहराच्या आतच होता. मुलांना नकाशा दाखवताना ही गोष्ट जरूर सांगा.

पुस्तके एकमेकांशी भांडू लागली तेव्हा

युआन श्वांग यांचा जन्म इ.स. 602 च्या सुमारास लोयांग शहराजवळ झाला. घरचे आडनाव चेन. घराणे विद्वानांचे. वडिलांनीच त्यांना सुरुवातीला शिकवले. पण ते लवकर वारले. थोरला भाऊ बौद्ध भिक्खू होता. तो धाकट्याला आपल्याबरोबर विहारात घेऊन गेला. तेराव्या वर्षी युआन श्वांग श्रामणेर झाले.

पुढे सुई घराणे कोसळले, देशात युद्ध पेटले. दोघे भाऊ चांगआनला आले. तिथेही शांतता नव्हती, म्हणून दक्षिणेकडे चेंगदूला गेले. विसाव्या वर्षी युआन श्वांग यांना पूर्ण दीक्षा मिळाली. त्यानंतर ते पुन्हा चांगआनला परतले ते नवे गुरू शोधायला.

अडचण इथेच सुरू झाली. जेवढे शिकत गेले तेवढा गोंधळ वाढत गेला. एका गुरूचे सांगणे दुसऱ्याशी जुळेना. एका ग्रंथाचे भाषांतर दुसऱ्याच्या विरुद्ध जाई. काही भाषांतरे अपुरी होती, काही घाईने केलेली. मूळ ग्रंथ संस्कृतात आणि ते भारतात! योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ पूर्ण वाचायला मिळाला तर शंका फिटतील, असे त्यांना वाटू लागले.

आता जरा आपल्या वर्गाकडे बघा. एखादी मुलगी उभी राहते आणि म्हणते, सर, या पुस्तकात असे दिलेय आणि त्या पुस्तकात वेगळेच दिलेय. आपण काय करतो? बऱ्याचदा परीक्षेला हेच लिही असे सांगून पुढे जातो. मीही असे केले आहे, खोटे कशाला बोलू! युआन श्वांग यांनी मात्र ती शंका दाबली नाही. मूळ पुस्तक बघायचे ठरवले. त्यांचे पुढचे सगळे आयुष्य या एका निर्णयातून उभे राहिले.

परवानगी नसताना

त्या वेळी सीमेबाहेर जायला बंदी होती. तांग घराणे नवीन होते, सीमेवर तुर्कांची भीती होती. युआन श्वांग यांनी परवानगी मागितली, ती मिळाली नाही. इ.स. 629 मध्ये (काही अभ्यासक 627 मानतात) ते गुपचूप निघाले. पश्चिम सीमेवर ग्वाजोऊ इथे त्यांना पकडण्याचा हुकूम येऊन पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याने सगळी हकिकत ऐकली आणि तो हुकूम त्यांच्यासमोर फाडून टाकला. लवकर निघा, एवढेच बजावले.

पुढे वाळवंट. बरोबरच्या वाटाड्याने रात्री सुरा उपसला आणि नंतर तो मागे फिरला. युआन श्वांग एकटे राहिले. सोबतीला एक म्हातारा, हडकुळा घोडा. या घोड्याने ती वाट अनेकदा तुडवलेली होती, म्हणून एका म्हाताऱ्याने तो त्यांना दिला होता. वाटेत पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. ते परत फिरले. थोडे अंतर चाललेही. मग थांबले. भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचे नाही असे त्यांनी ठरवले होते ना! त्यांनी घोडा पुन्हा पश्चिमेकडे वळवला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यालाच पाण्याचा वास लागला आणि तो त्यांना झऱ्यापाशी घेऊन गेला.

मुलांना हा प्रसंग फार आवडतो. पण सांगताना एक गोष्ट विसरू नका. ते परत फिरले होते. धैर्यवान माणसालाही एकदा परत फिरावेसे वाटते, हे मुलांना कळू द्या.

पुढे गाओचांग नावाच्या राज्यात वेगळीच आफत आली. तिथला राजा इतका भारावला की त्यांना जाऊच देईना. इथेच राहा आणि आमचे गुरू व्हा, असा हट्ट. युआन श्वांग यांनी अन्नपाणी सोडले. तीन दिवस उपाशी बसल्यावर राजा नरमला. त्याने माणसे, घोडे, वीस वर्षे पुरेल इतका खर्च आणि वाटेतल्या चोवीस राज्यांसाठी पत्रे दिली. परतताना तीन वर्षे राहायचे वचन मात्र घेतले. पुढचा तिआनशानचा बर्फाळ घाट ओलांडताना दहातले तीन-चार सोबती दगावले.

नालंदा आणि आपला महाराष्ट्र

समरकंद, बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती, गांधार आणि काश्मीर असे करत ते मगधात पोहोचले. नालंदाचे प्रमुख आचार्य शीलभद्र तेव्हा खूप वृद्ध होते. त्यांनी या परदेशी विद्यार्थ्याला योगाचारभूमिशास्त्र स्वतः शिकवायला घेतले. हे अध्यापन पंधरा महिने चालले. ज्या ग्रंथासाठी घर सोडले, तो गुरूच्या तोंडून ऐकायला मिळाला. नालंदात ते सगळे मिळून सुमारे पाच वर्षे राहिले.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. उरलेला देश बघायला ते निघाले. पूर्वेला गेले, दक्षिणेत कांचीपर्यंत गेले आणि तिथून वर येताना इ.स. 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आले. तेव्हा इथे चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याचे राज्य होते.

त्यांनी आपल्या लोकांबद्दल काय लिहिले, ते मुलांना सांगायलाच हवे. इथली जमीन सुपीक, माणसे उंच, साधी आणि प्रामाणिक, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून घेतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. हर्षवर्धनासारख्या सम्राटालाही इथला राजा वश झाला नाही. याच भागाच्या पूर्वेकडे डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे आणि तिथल्या दगडी हत्तींचे वर्णनही ते करतात. ते अजिंठ्याचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

हे वाचून आपली छाती फुगते, साहजिक आहे. पण इतिहास शिकवताना थोडे सावधही राहायला हवे. युआन श्वांग बौद्ध भिक्खू होते, हर्षाचे पाहुणे होते. काही गोष्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, काही ऐकल्या. पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हा प्रश्न मुलांना विचारायला शिकवले तर त्यांच्याच वाटेवरून चालल्यासारखे होईल, नाही का?

हर्षाने कनौजला त्यांच्यासाठी मोठी धर्मसभा भरवली. प्रयागचा दानाचा सोहळाही त्यांनी पाहिला आणि मग ते परत निघाले. सिंधू नदी ओलांडताना होडी उलटता उलटता राहिली, पण पन्नास हस्तलिखिते वाहून गेली. हर्षाने दिलेला हत्ती पुढे डोंगरात पाण्यात बुडाला. गाओचांगच्या राजाला दिलेले वचनही पाळता आले नाही. मधल्या काळात तांग सैन्याने ते राज्य जिंकले होते आणि तो राजा मरण पावला होता.

खोतानला थांबून त्यांनी आपल्या सम्राटाला पत्र पाठवले. आपण परवानगीशिवाय गेलो होतो, हे त्यात सरळ कबूल केले. सम्राट ताइझोंग याने शिक्षेऐवजी स्वागताचा निरोप धाडला.

परतीचा दिवस

इ.स. 645 च्या सुरुवातीला युआन श्वांग चांगआनला पोहोचले. चोरपावलांनी शहर सोडलेल्या माणसाला बघायला रस्त्यांवर गर्दी लोटली. वीस घोड्यांवर लादून त्यांनी सहाशे सत्तावन्न ग्रंथ आणले होते. शिवाय बुद्धमूर्ती आणि अवशेषही होते.

सम्राट तेव्हा लोयांगला होता. भेटीत त्याने त्यांच्यापुढे मोठ्या सरकारी पदाचा प्रस्ताव ठेवला. इतक्या देशांचे राजे, रस्ते आणि रीतिरिवाज माहीत असलेला माणूस कोणत्या राजाला नको असेल! युआन श्वांग यांनी नम्रपणे नकार दिला. आणलेले ग्रंथ भाषांतरित करायला जागा आणि माणसे मागितली. सम्राटाने ती दिली. पण प्रवासाचा वृत्तांत लिहून द्यायची अट घातली. तो वृत्तांत 646 मध्ये पूर्ण झाला. त्यात 138 राज्यांची माहिती आहे. ज्या पुस्तकामुळे आपण त्यांना प्रवासी म्हणतो, ते त्यांनी सम्राटाच्या सांगण्यावरून लिहिले. त्यांचे स्वतःचे काम वेगळेच होते.

विटा वाहणारे आचार्य

आता चला दा त्सिएन मंदिरात. शिआनच्या दक्षिण भागात हे मंदिर आहे. राजपुत्राने, म्हणजे पुढच्या सम्राट गाओझोंगने, आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ 648 मध्ये ते बांधले आणि युआन श्वांग यांना तिथले प्रमुख केले. समोर त्यांचा हातात दंड घेतलेला पुतळा आहे आणि मागे दिसतो तो मोठ्या रानहंसाचा मनोरा.

हा मनोरा कशासाठी, ठाऊक आहे? ग्रंथ जपण्यासाठी! आणलेली हस्तलिखिते आगीपासून आणि काळापासून वाचावीत म्हणून युआन श्वांग यांनी दगडी मनोऱ्याची कल्पना मांडली. खर्च फार होता, म्हणून 652 मध्ये विटामातीचा पाच मजली मनोरा उभा राहिला. बांधकामावर पन्नाशीतले हे आचार्य स्वतः टोपलीतून विटा-दगड वाहत होते, असे त्यांच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. तो मूळ मनोरा फार टिकला नाही. सम्राज्ञी वू झेतियानच्या काळात, 701 ते 704 मध्ये, तो नव्याने बांधला गेला. 1556 च्या भयंकर भूकंपातूनही तो तगला. आज तो सात मजली, सुमारे 64 मीटर उंच आहे.

लोक वर चढतात, शहर बघतात, फोटो काढतात. तुम्ही गेलात तर आधी खालच्या दक्षिण दाराशी थांबा. दोन्ही बाजूंना काळे शिलालेख आहेत. सम्राट ताइझोंग आणि त्याचा मुलगा यांनी युआन श्वांग यांच्या भाषांतरांसाठी लिहिलेल्या प्रस्तावना 653 मध्ये त्यांवर कोरल्या. अक्षरे चू सुईलियांग या नामवंत सुलेखनकाराची. एका भाषांतरकाराच्या कामाची प्रस्तावना सम्राट लिहितो आणि ती दगडात कोरली जाते, केवढा मान आहे हा!

भाषांतर कसे चालायचे? चरित्रात त्यांची दिनचर्या दिली आहे. रोज किती मजकूर करायचा ते आधी ठरलेले. दिवसा इतर कामे आली तर रात्री जागून तो पुरा करायचा. पहाटे उठून पुन्हा मूळ संस्कृत ग्रंथ वाचायचा आणि लाल शाईने खुणा करून त्या दिवसाचा पाठ तयार करायचा. हाताशी भिक्खूंचा चमू असायचा. कोणी अर्थ तपासे, कोणी भाषा घासूनपुसून घेई, कोणी लिहून काढी. काही संस्कृत शब्दांचे भाषांतर करायचेच नाही, असाही त्यांचा नियम होता. ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत किंवा जी वस्तू चीनमध्ये नाहीच, जसे आपले जांभळाचे झाड, तो शब्द तसाच ठेवायचा. मराठीत भाषांतर करताना अडणाऱ्या आपल्या मुलांना हा नियम आजही उपयोगी पडेल.

जवळच्याच दुसऱ्या आवारात लहान रानहंसाचा मनोरा आहे. तो यीजिंग यांच्याशी जोडलेला. युआन श्वांग यांच्यानंतर काही वर्षांनी हे भिक्खू समुद्रमार्गे भारतात आले आणि नालंदात शिकले. एकाने वाट दाखवली की मागून दुसरा येतोच.

सहाशे खंड

शेवटची वर्षे. तब्येत ढासळलेली. शहरात भेटायला येणाऱ्यांची रीघ. म्हणून युआन श्वांग शहराच्या उत्तरेला, डोंगरातल्या युहुआ राजवाड्यात राहायला गेले. तिथे 660 मध्ये त्यांनी महाप्रज्ञापारमिता हा अवाढव्य ग्रंथ हाती घेतला. शिष्यांनी सुचवले, थोडा संक्षेप करू या, पुनरुक्ती फार आहे. तेही तयार झाले. पण त्या रात्री त्यांना भीतिदायक स्वप्ने पडली आणि त्यांनी ठरवले की एकही शब्द गाळायचा नाही. 663 मध्ये सहाशे खंड पूर्ण झाले.

बघा, गोष्टीची टोके कशी जुळतात. तरुणपणी अपुऱ्या भाषांतरांनी त्यांना छळले होते. म्हातारपणी, अंगात ताकद नसताना, सोपी वाट समोर असतानाही त्यांनी पुढच्या विद्यार्थ्यांच्या हाती अपुरे पुस्तक दिले नाही.

त्यानंतर शिष्यांनी आणखी एक मोठा ग्रंथ समोर ठेवला. त्यांनी काही ओळी केल्या आणि पोथी मिटली. आता शक्ती उरली नाही, हे त्यांनी ओळखले. 664 च्या सुरुवातीला त्यांचे निधन झाले. तोवर पंचाहत्तर ग्रंथांचे 1335 खंड चिनीत आले होते.

शांत समाधी

मनोऱ्याभोवती गर्दी असते. पण शिआनच्या दक्षिणेला, शहराबाहेर, शिंगजिआओ नावाचे मंदिर आहे. 669 मध्ये युआन श्वांग यांच्या अस्थी तिथे हलवण्यात आल्या. त्यांच्या समाधीवर पाच मजली विटांचा मनोरा आहे. दोन्ही बाजूंना दोन लहान मनोरे आहेत, त्यांच्या दोन शिष्यांचे. एक क्वेइजी आणि दुसरे कोरियातून आलेले वोनचुक. चिनी विद्यार्थी भारतात आला, कोरियाचा विद्यार्थी त्याच्याकडे शिकला आणि आज तिघे शेजारी शेजारी आहेत. शिक्षकाला यापेक्षा चांगले स्मारक कोणते हवे? ही समाधी आणि रानहंसांचे दोन्ही मनोरे 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

या कामाचा आपल्याला काय फायदा, असे मुले विचारतील. जरूर सांगा. महाविभाषाशास्त्रासारखा प्रचंड ग्रंथ मूळ संस्कृतात हरवला. तो पूर्ण वाचायला मिळतो तो युआन श्वांग यांच्या चिनी भाषांतरात. आणि एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारतातली जुनी बौद्ध स्थळे शोधली, ती हाच प्रवासवृत्तांत हातात धरून. आपण विसरलेल्या आपल्याच जागा एका पाहुण्याच्या वहीमुळे पुन्हा सापडल्या.

वर्गात काय घ्याल?

धडा संपवताना हे काही प्रश्न विचारून बघा. घरी पालकांनीही विचारायला हरकत नाही.

1. दोन पुस्तकांत वेगवेगळी माहिती दिसली तर तू काय करशील?
2. युआन श्वांग यांनी राजाची बंदी मोडली आणि नंतर ते कबूलही केले. तुला यातले काय पटते, काय पटत नाही?
3. सम्राटाने देऊ केलेले पद त्यांनी का नाकारले असेल?
4. त्यांनी केलेले महाराष्ट्राचे वर्णन तुझ्या गावाला आज कितपत लागू पडते?

दुसऱ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना वाद घालू द्या, आपण ऐकू या.

आणि हो, उद्या वर्गात कोणी पुस्तकातली विसंगती दाखवली, तर लगेच खाली बसवू नका. ग्रंथालयातून दुसरे पुस्तक आणायला पाठवा. ती मुलगी नालंदापर्यंत जाईल की नाही, सांगता येत नाही. पण मूळ पुस्तक बघायची सवय तिला तुमच्याच वर्गात लागेल.